"पहिलीच वेळ का?": फासावरचा विनोद आणि सहा गोष्टींचा एक वेस्टर्न

गळ्यात फास अडकवलेला एक माणूस मान वळवून शेजारच्याकडे बघतोय. ओठांवर अर्धवट हसू. खाली दोनच शब्द: "फर्स्ट टाइम?" हा फोटो तुमच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेलेला असणार. कुणाची पगारवाढ पुढे ढकलली गेली, कुणाचा घराचा ताबा अजून सहा महिन्यांनी मिळणार असं कळलं, की आधी पोळलेला एखादा हा फोटो टाकतो. तो कुठल्या सिनेमातला आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. विनोद पोचतो.

पण हा विनोद नीट बघितला तर विचित्र आहे. फाशी एकदाच होते. "पहिलीच वेळ का?" हा प्रश्न विचारायला विचारणाऱ्याची दुसरी वेळ असावी लागते. आणि त्याची ती खरंच दुसरी वेळ आहे! तो एका फासातून वाचून दुसऱ्यात आलाय. हे माहीत झालं की तोच विनोद जास्त हसवतो आणि थोडा जास्त बोचतो.

सिनेमाचं नाव 'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्स'. जोएल आणि ईथन या कोएन बंधूंनी तो २०१८ साली केला. १३३ मिनिटांत सहा वेगवेगळ्या गोष्टी, सगळ्या अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करची तीन नामांकनंही मिळाली, आणि त्याच नोव्हेंबरात तो नेटफ्लिक्सवर आला. कोएन बंधूंनी या गोष्टी साधारण पंचवीस वर्षांच्या काळात, सवडीनं लिहून ठेवल्या होत्या. मृत्यूवर हसू कसं येतं आणि ते कुठल्या क्षणी घशात अडकतं, हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीचा नमुना मला माहीत नाही. सूचना एवढीच की शेवट सांगितल्याशिवाय हा विषय उलगडता येणार नाही. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथे थांबावं. लेख कुठे पळून जात नाही.

कथासंग्रह, पण पडद्यावर

अँथॉलॉजी सिनेमा म्हणजे कथासंग्रह. कादंबरीसारखी एक सलग गोष्ट नाही, तर एकाच तिकिटात चार-सहा सुट्या गोष्टी. प्रकार बराच जुना आहे. १९३२ साली हॉलिवूडमध्ये एका सिनेमात मरणपंथाला लागलेला करोडपती अनोळखी लोकांना दहा-दहा लाख डॉलर वाटतो आणि ज्याला पैसे मिळतील त्याची एक गोष्ट, असा सगळा मामला होता. १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश भयपटात खेड्यातल्या एका घरी जमलेले पाहुणे आपापले अनुभव सांगतात. म्हणजे कधी एखादी वस्तू गोष्टींना बांधते, कधी सांगणाऱ्यांची बैठक. आणि कधी काहीच बांधत नाही, फक्त सूर एक असतो. २०१४ चा अर्जेंटिनाचा 'वाइल्ड टेल्स' तसा आहे. त्यातल्या सहा गोष्टींत समान काय, तर माणसाचं डोकं फिरणं.

या प्रकाराची एक मोठी अडचण असते. प्रेक्षक एका गोष्टीत जेमतेम रमतो, तोवर ती संपते आणि पुन्हा नव्यानं ओळखपाळख. दर वीस मिनिटांनी नवं गाव, नवी माणसं. त्यांचा स्वभाव, पूर्वेतिहास सांगत बसलं तर गोष्ट सुरूच होणार नाही.

आपल्या कहाण्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली. "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती." संपलं. तीन वाक्यांत तुम्हाला सगळं कळलं. नावडतीला गुरांच्या गोठ्यात ठेवलंय, तिच्या वाट्याला जाडंभरडं आलंय आणि शेवटी तिचंच भलं होणार, हे न सांगता ठाऊक. याला संकेत म्हणायचं. लेखक आणि ऐकणारा यांच्यातला जुना करार.

वेस्टर्न हा असा करारावर चालणारा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली अमेरिका, मिसिसिपीच्या पलीकडचा ओसाड मुलूख, कायदा अजून नीट पोचलेला नाही. १८६० पासून तिकडे दहा सेंटात मिळणाऱ्या स्वस्त कादंबऱ्या निघायला लागल्या. पश्चिमेतली माणसं हयात असतानाच त्यांच्या दंतकथा छापून विकल्या जात होत्या. सिनेमा आल्यावर त्यानं तोच माल उचलला. म्हणून एक पांढरी टोपी दिसली की सज्जन, काळी दिसली की दुर्जन. दारूच्या गुत्त्याचं झुलतं दार उघडलं की पियानो थांबणार. मुख्य रस्त्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले की बायका पोरांना घरात ओढणार. कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कोएन बंधूंनी सहा गोष्टींसाठी सहा वेगवेगळे ठरलेले साचे घेतले: गाणारा काउबॉय, बँक दरोडा, गावोगाव फिरणारा खेळवाला, सोनं शोधणारा, पश्चिमेकडे निघालेला तांडा, आणि स्टेजकोच म्हणजे घोड्यांची प्रवासी गाडी. सगळ्यांभोवती एक जुनं पुस्तक. एक हात पानं उलटतो. प्रत्येक गोष्टीआधी एक रंगीत चित्र येतं आणि चित्राखाली त्या गोष्टीतलं एक वाक्य. या वाक्यांकडे लक्ष ठेवा, पुढे लागतील.

तीन विनोद, तीन अंतरं

पहिली गोष्ट बस्टरची. पांढरेशुभ्र कपडे, पांढरा घोडा, हातात गिटार, आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी गप्पा. १९३० आणि ४० च्या दशकांत जीन ऑट्री, रॉय रॉजर्स यांच्यासारखे गाणारे काउबॉय पडद्यावर फार गाजले, त्यांचा हा वारस. भाषा अशी अलंकारिक की एखाद्या जुन्या हेडमास्तरांनी निरोपाचं भाषण करावं. त्याला पकडून देणाऱ्यासाठी जे इनामाचं पत्रक लागलंय त्यात त्याला 'माणूसघाणा' म्हटलंय, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. मी कुठे माणूसघाणा, म्हणतो. आणि लगेच गुत्त्यात पाच-सहा जणांना गोळ्या घालून, अंगावरची धूळ झटकून बाहेर पडतो.

पुढे पोकरचा डाव. बस्टर एका रिकाम्या खुर्चीवर बसतो आणि उठून गेलेल्याची पानं उचलून बघतो. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या. जाणकार अमेरिकन प्रेक्षक इथेच सावध होतो. वाइल्ड बिल हिकॉक नावाच्या नामांकित बंदूकबाजाला १८७६ मध्ये डेडवुड गावात पत्ते खेळताना मागून गोळी घातली गेली, तेव्हा त्याच्या हातात हीच पानं होती अशी आख्यायिका आहे. तिकडे या पानांना मेलेल्याची पानंच म्हणतात. बस्टर खेळायला नकार देतो. समोरचा दांडगा पिस्तूल रोखतो. बस्टर टेबलाच्या सुट्या फळीवर पाय मारतो, फळीचं दुसरं टोक उसळतं, त्या माणसाचा हात वळतो आणि तो स्वतःलाच गोळ्या घालून घेतो. मग बस्टर मेलेल्यावर एक गाणं रचतो आणि अख्खा गुत्ता कोरसमध्ये सामील होतो.

इथे आपण हसतो. का हसतो? कारण त्या माणसाची आणि आपली ओळख झालेली नाही. तो दांडगा आहे, एवढंच कळलंय. त्याच्या मरण्यात कारागिरी आहे, वेदना नाही. एक सोडून कुणी रडत नाही. मेलेल्याचा भाऊ येऊन रडतो, तर तेवढ्यानं गाण्यात व्यत्यय आल्यासारखं वाटतं! मरणावर हसवणाऱ्या काळ्या विनोदाचं पहिलं गणित हेच: मरणाऱ्यापासून प्रेक्षकाला पुरेसं लांब उभं करा आणि त्याला शोक करायला वेळ देऊ नका.

आणि मग सिनेमा त्याच गणितानं आपल्याला चकवतो. काळ्या कपड्यांतला एक तरुण येतो, आव्हान देतो आणि बस्टरच्या कपाळातून गोळी आरपार जाते. बस्टर टोपी काढून तिचं भोक बघतो, आरसा काढून कपाळाचं भोक बघतो, आणि हे काही बरं झालं नाही अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. मग पंख लावून, हातात वीणेसारखं वाद्य घेऊन, द्वंद्वगीत गात वर जातो. ज्याच्या नावाचा सिनेमा तोच पहिल्या गोष्टीत गेला. निवेदकच मेला! अजून पाच गोष्टी बाकी आहेत आणि हात धरून नेणारं कुणी नाही.

दुसऱ्या गोष्टीतला दरोडेखोर म्हणजे आपला फोटोतला माणूस. ओसाड माळावर एकटी बँक. म्हातारा, बडबड्या कॅशियर. सोपं काम वाटतं. पण म्हातारा अंगभर तवे आणि भांडी बांधून, गोळ्या टणाटण परतवत, आरडाओरडा करत अंगावर धावून येतो. दरोडेखोर शुद्धीवर येतो तेव्हा झाडाखाली घोड्यावर बसलेला असतो, गळ्यात दोर. तेवढ्यात मूळनिवासी हल्ला करतात आणि फाशी देणारेच मारले जातात. आता हा एकटा, हात बांधलेले, गळ्यात दोर, आणि खाली भुकेला घोडा. घोडा गवत खातो. जवळचं संपलं की अर्धं पाऊल पुढे. मग आणखी अर्धं. माणसाचा जीव गवताच्या काडीला टांगलेला, आणि घोड्याला त्याचं काही देणंघेणं नाही. सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला विनोद हाच आहे. यात एकही संवाद नाही.

एक गुराखी येऊन त्याला सोडवतो. गुराखी निघतो जनावरं चोरणारा. तो पळून जातो आणि चोरीच्या गुरांबरोबर सापडतो हा. आगीतून फुफाट्यात. आपल्याकडे म्हणतात चोर सोडून संन्याशाला सुळी. इथे सुळावर चोरच चढतो, पण ज्या चोरीसाठी चढतो ती त्यानं केलेलीच नाही. चौथऱ्यावर शेजारचा रडतोय, आणि हा विचारतो, "पहिलीच वेळ का?"

या विनोदाला इंग्रजीत नावच फासाचं आहे, गॅलोज ह्यूमर. सिग्मंड फ्रॉइडला या प्रकाराचं कुतूहल होतं. त्याचं आवडतं उदाहरण असं: सोमवारी सकाळी एका कैद्याला फाशी द्यायला नेतात, तर तो म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. १९२७ च्या एका निबंधात फ्रॉइडनं यावर लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं की इथे माणसाचा 'मी' दुःख करून घ्यायला नकार देतो. जगाला मला मारता येईल, रडवता येणार नाही. बस्टरवर हसताना आपण मरणाऱ्याला हसत होतो. इथे मरणाऱ्याबरोबर हसतो. अंतर कमी झालंय.

त्यानंतर त्या माणसाला गर्दीत एक सुंदर मुलगी दिसते. ती हसते, तोही हसतो. डोक्यावर काळी पिशवी येते. खटका. टाळ्या. पडद्यावर अंधार, आणि त्या काळोखात आपलं हसू थोडं उशिरा थांबतं.

तिसरी गोष्ट मात्र हसवत नाही. एक खेळवाला आणि त्याचा कलाकार. कलाकाराला हात नाहीत, पाय नाहीत. फक्त धड, सुंदर चेहरा आणि विलक्षण आवाज. गाडीवरच्या छोट्या रंगमंचावर तो शेलीची 'ओझिमँडियस' ही कविता म्हणतो, बायबलमधली केन आणि एबल या भावांची गोष्ट सांगतो, शेक्सपिअर म्हणतो, लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण म्हणतो. खेळवाला त्याला भरवतो, निजवतो, उचलून ठेवतो. दोघं एकमेकांशी जवळजवळ बोलत नाहीत. थंडी वाढते, गावं छोटी होत जातात, थाळीत पडणारी नाणी कमी होतात.

मग एका गावात सगळी गर्दी दुसरीकडे दिसते. तिथे बेरीज-वजाबाकी करणारी कोंबडी आहे. लोक आकडे ओरडतात, कोंबडी उत्तरावर चोच मारते. खेळवाला कोंबडी विकत घेतो. आता गाडीत कोंबडी आणि कलाकार समोरासमोर. गाडी एका पुलावर थांबते. खेळवाला उतरतो, खाली खोल नदी बघतो. एक मोठा दगड उचलून आणतो, कठड्यावरून सोडतो. धप्प. परत येतो, कलाकाराकडे बघून हसतो. पुढचं दृश्य: गाडी चाललीय, मागे फक्त कोंबडी.

याची रचना पाहा. तयारी, रंगीत तालीम, छोटा विराम आणि शेवटचा फटका. ही विनोदाचीच रचना आहे, तंतोतंत. टेबलाच्या फळीचा विनोद याच सांगाड्यावर उभा होता. फरक एवढाच की यावेळी मरणाऱ्याचे डोळे आपण वीस मिनिटं पाहिलेत, आणि मरण मात्र दाखवलंच नाही. तिथे रक्त होतं आणि हसू आलं, इथे रक्ताचा थेंब नाही आणि पोटात गोळा येतो. केन आणि एबलच्या गोष्टीत देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? केन उलट विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? ती गोष्ट हा मुलगा गावोगाव सांगत होता आणि त्याचा राखणदार बाजूला उभा राहून गल्ला मोजत होता. दुसऱ्यांदा बघताना हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ सिनेमा थांबवून चहा केला.

काळा विनोद हा शब्दप्रयोग रूढ करण्यात फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतोंचा मोठा वाटा आहे. १९४० मध्ये त्यानं या प्रकारच्या लेखनाचा एक संग्रह तयार केला, म्हणजे हे नावसुद्धा एका अँथॉलॉजीतूनच आलं. संग्रहाची सुरुवात त्यानं जोनाथन स्विफ्टपासून केली. आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली तान्ही पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, असा प्रस्ताव स्विफ्टनं १७२९ मध्ये एखाद्या अर्थतज्ज्ञाच्या निर्विकार भाषेत, वजनमापं आणि किमतींसकट मांडला होता. तो निर्विकार चेहरा महत्त्वाचा. खेळवाला दगडानं नदीची खोली मोजतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच आहे. हिशेब.

दिलासा आणि त्याची किंमत

चौथ्या गोष्टीवर फार रेंगाळत नाही. ती जॅक लंडनच्या एका कथेवर आधारलेली आहे. हिरव्यागार दरीत एक म्हातारा सोनं शोधायला येतो. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात, तसा हा नदीकाठची माती थाळीत धुऊन कण मोजत बसतो. भूक लागते तेव्हा घुबडाच्या घरट्यातली अंडी उचलतो. घुबड टक लावून बघतंय असं दिसल्यावर एक ठेवून बाकीची परत ठेवतो आणि स्वतःची समजूत घालतो, पक्ष्याला असं कितीपर्यंत मोजता येत असणार! सोनं सापडतं त्याच क्षणी पाठीत गोळी बसते. पण म्हातारा मरत नाही. मारेकरीच मरतो.

ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. तीन गोष्टींत मुख्य माणूस मेलाय, आता चौथ्यात वाचला. म्हणजे वाचूही शकतो तर! प्रेक्षक नकळत पुन्हा आशा धरतो. सुट्या गोष्टींचा क्रम हीसुद्धा एक गोष्टच असते, ती अशी. कारण पाचवी आहे ॲलिसची.

ती सगळ्यात लांब आणि सगळ्यात सावकाश. छकड्यांचा तांडा ओरेगनकडे चाललाय. ॲलिस नावाची बुजरी मुलगी भावाबरोबर निघालीय, भावाचा एक भुंकरा कुत्रा आहे, त्याचं नाव प्रेसिडेंट पिअर्स. सुरुवातीलाच भाऊ कॉलऱ्यानं जातो. हे इतिहासाला धरून आहे, त्या वाटेवर कॉलऱ्यानं माणसं फार मेली. तांड्याच्या दोन वाटाड्यांपैकी धाकटा, बिली नॅप, तिला मदत करतो. हळूहळू दोघं बोलायला लागतात. लग्नाची मागणी घालतो तीसुद्धा एखादा करारनामा वाचून दाखवावा तशी, आणि तरी इतकी गोड. विनोद आहे, पण कुणाच्या मरणाचा नाही. दोन लाजऱ्या माणसांचा.

आणि मग कुत्रा भुंकत कुठेतरी जातो, ॲलिस त्याच्यामागे. थोरला वाटाड्या मिस्टर आर्थर तिला शोधत पोचतो आणि तेवढ्यात मूळनिवासी स्वारांची टोळी दिसते. तो तिच्या हातात पिस्तूल देऊन सांगतो, मी पडलो तर हे स्वतःवर वापर. तो शौर्यानं लढतो. एका क्षणी पडतो. खरं तर तो मेल्याचं सोंग घेऊन शेवटच्या स्वाराला टिपतो. पण ॲलिसला वाटतं तो गेला. मिस्टर आर्थर उठून तिच्याकडे येतो तेव्हा तिनं सांगितल्याप्रमाणे केलेलं असतं.

रचना पुन्हा दुसऱ्या गोष्टीचीच आहे: सुटका झाली आणि नेमक्या त्यानंच घात झाला. तिथे तो दैवाचा विनोद वाटला होता. इथे हसू यायला जागाच ठेवलेली नाही, कारण या मुलीबरोबर आपण इतकी मैलांची वाट चाललोय. आणि आता त्या चित्राखालच्या वाक्याकडे या. या गोष्टीच्या आरंभी चित्राखाली छापलेलं होतं की बिली नॅपला काय सांगायचं, हे मिस्टर आर्थरला कळेना. पहिल्या मिनिटालाच शेवट सांगून टाकला होता! आपण वाचला, समजला नाही आणि विसरलो. गोष्ट त्याच वाक्यापाशी येऊन थांबते. म्हातारा चालत निघालाय, मागून कुत्रा.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. सिनेमाभर मूळनिवासी म्हणजे अचानक येणारी, नाव-चेहरा नसलेली झुंड आहे. समर्थनात असं म्हणता येईल की हे त्या जुन्या स्वस्त पुस्तकांचं विडंबन आहे, तिथं ते असेच यायचे. पण बाकीचे संकेत कोएन उलटे करून दाखवतात, हा मात्र तसाच वापरतात. प्रत्यक्षात या वाटांवर जॉन अनरू या इतिहासकाराच्या मोजणीप्रमाणे १८४० ते १८६० या काळात मूळनिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मेले, आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळनिवासी. हा दुसरा आकडा पडद्यावर कधी आलाच नाही. ज्या सिनेमाला मरणाऱ्यापासूनचं अंतर इतकं नेमकं मोजता येतं, त्यानं एका बाजूच्या मरणाऱ्यांना कायम लांबच ठेवावं, हे मला खटकतं. सहापैकी एक गोष्ट तिकडून सांगता आली असती.

गाडीच्या टपावरचं प्रेत

सहाव्या गोष्टीत कुणी मरत नाही. निदान समोर तरी नाही. संध्याकाळ आहे, एक बंद घोडागाडी दौडतेय, आत पाच प्रवासी दाटीवाटीनं बसलेत. एक जनावरं पकडणारा रांगडा गडी, एक धार्मिक बाई, एक फ्रेंच गृहस्थ, आणि समोर एक इंग्रज आणि एक आयरिश अशी जोडगोळी. टपावर प्रेत बांधलेलं. जोडगोळीचा धंदा इनाम लावलेली माणसं आणून देण्याचा. वाद रंगतो: माणसं किती प्रकारची असतात? रांगडा म्हणतो, सगळी सारखीच, मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नावाच्या जनावरासारखी. बाई म्हणते, दोन प्रकारची, सरळ आणि पापी. बाहेर उजेड सोनेरी होता तो निळसर होतो, मग काळा. गाडी थांबवा म्हटलं तर गाडीवान थांबवत नाही.

मग इंग्रज आपली कामाची पद्धत सांगतो. मी गोष्टी सांगतो, म्हणतो, ऐकणारा त्यात गुंतला की माझा जोडीदार त्याच्या डोक्यात घालतो. लोकांना गोष्टी हव्याच असतात, कारण त्यांना वाटतं ही आपलीच गोष्ट आहे. आपली, पण आपली नव्हे. विशेषतः शेवटी तर आपली नव्हेच.

पाच गोष्टी आपण हसत, हळहळत, चहा पीत ऐकल्या त्या का, ते तो सांगून टाकतो.

हे ऐकताना मला वेताळपंचविशी आठवली. तिथेही एक प्रेत आहे, राजा विक्रमाच्या खांद्यावर. तिथेही वाट आहे, रात्र आहे, आणि गोष्ट सांगणारा वेताळ आहे, त्याच प्रेतात शिरलेला. तो गोष्टी कशाला सांगतो? राजाचं लक्ष जावं आणि त्यानं मौन मोडावं म्हणून. राजा उत्तर देतो आणि प्रेत पुन्हा झाडावर. कोएन बंधूंनी वेताळ वाचला असेल असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण प्रेताशेजारी बसून गोष्ट सांगायची आणि गोष्टीनं ऐकणाऱ्याला बेसावध करायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे. वेताळाची गोष्ट राजाला शहाणं करते, मुक्कामाला पोचेपर्यंत तो काहीतरी कमावतो. इंग्रजाच्या गोष्टीत ऐकणारा मुक्कामाला पोचतो, बस.

इंग्रज पुढे म्हणतो, मरणाऱ्याच्या डोळ्यांत बघायला मला आवडतं. हे काय चाललंय, याचा अर्थ लावायची त्यांची धडपड चाललेली असते. कुणीतरी विचारतं, मग लागतो का अर्थ? तो म्हणतो, मला काय ठाऊक, मी फक्त बघत असतो.

गाडी मुक्कामी थांबते. जोडगोळी प्रेत उचलून आत नेते. उरलेले तिघं एकमेकांकडे बघतात, उतरायचं कुणी आधी. गाडीवान त्यांचं सामान न उतरवताच गाडी हाकून निघून जातो, आणि हे बघून त्या तिघांना काय कळतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. सगळ्यात शेवटी फ्रेंच गृहस्थ उरतो. तो एकदा मागे रस्त्याकडे बघतो. पहिल्या गोष्टीत बस्टरनं टोपी काढून तिचं भोक पाहिलं होतं. हा आपली टोपी जरा तिरकी, ऐटीत बसवतो आणि दारातून आत जातो.